गाणं, पीठ आणि मतं

रॉबर्ट ऑल्टमन यांचा ‘नॅशव्हिल’ १९७५च्या जूनमध्ये न्यू यॉर्कमध्ये प्रदर्शित झाला, आणि तेव्हापासून त्याच्याविषयी एक गोष्ट हमखास सांगितली जाते: त्यानं पुढचं आधीच ओळखलं होतं. चोवीस पात्रं, पाच दिवस, कंट्री संगीताची राजधानी मानलं जाणारं टेनेसी राज्यातलं शहर, आणि त्या शहरात शिरलेली, अध्यक्षपदाच्या एका उमेदवाराची प्रचारयंत्रणा. हॅल फिलिप वॉकर हा तो उमेदवार अख्ख्या चित्रपटात एकदाही तोंड दाखवत नाही. शेवटी मंचावर गोळी झाडली जाते ती गायिकेवर. पुढे १९८०मध्ये एक माजी नट अध्यक्षपदी निवडून आला, त्याच वर्षीच्या डिसेंबरात जॉन लेनन यांचा खून झाला, आणखी काही दशकांनी दूरचित्रवाणीवर गाजलेला एक उद्योगपती अध्यक्ष झाला. दर वेळी कुणी ना कुणी या चित्रपटाकडे बोट दाखवलं. या कौतुकात अडचण अशी, की ते इतिहास बाजूला ठेवून केलेलं आहे. गायक, प्रायोजक आणि उमेदवार यांची भागीदारी १९७५पर्यंत अमेरिकेच्या दक्षिणेत जवळजवळ नव्वद वर्षांची जुनी झाली होती. ऑल्टमन आणि त्यांच्या पटकथाकार जोन ट्यूक्सबरी यांनी पकडलं ते या जुन्या रिवाजातलं एक वळण. गाणाऱ्याचा आणि मतं मागणाऱ्याचा उरलासुरला संबंध त्या वळणावर तुटतो आणि कारभार दोघांच्या मधल्या माणसाकडे जातो. हे वळण किती मोठं होतं, ते मागचा रस्ता पाहिल्याशिवाय कळत नाही.

रस्ता १८८६पासून धरू. त्या वर्षी टेनेसीच्या राज्यपालपदासाठी दोन सख्खे भाऊ एकमेकांविरुद्ध उभे राहिले. आल्फ टेलर रिपब्लिकन, बॉब टेलर डेमोक्रॅट. दोघेही फिडल वाजवणारे, दोघेही किस्से रंगवण्यात पटाईत. ते गावोगाव एकत्रच फिरले, एकाच मंचावरून एकमेकांचे वाभाडे काढले, आणि रात्री एकाच ठिकाणी मुक्कामाला राहिले. समर्थकांनी लाल आणि पांढरे गुलाब छातीवर लावले आणि इंग्लंडच्या मध्ययुगीन यादवीचं नाव या लढतीला मिळालं. बॉब जिंकले, एकूण तीन वेळा राज्यपाल आणि नंतर सिनेटर झाले. आल्फ यांना थांबावं लागलं, पण १९२०मध्ये सत्तरी ओलांडल्यावर तेही राज्यपाल म्हणून निवडून आले. या प्रकाराकडे गमतीदार हकिकत म्हणून पाहिलं जातं. मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. फिडल वाजवणारा आणि मत मागणारा माणूस इथे एकच होता. डोंगराळ भागातल्या शेतकऱ्यासमोर फिडल काढणं म्हणजे ‘मी तुमच्यातला आहे’ असं सांगणं, आणि तो दावा खरा की खोटा हे त्या शेतकऱ्याला तिथल्या तिथे तपासता येत होतं. वाजवणं बेसूर असेल तर ते झाकायला कुणी नव्हतं.

ही एकजिनसी व्यवस्था फोडली ती रेडिओनं, आणि रेडिओच्या पाठीमागे उभ्या असलेल्या विमा कंपनीनं. नॅशव्हिलमधलं डब्ल्यूएसएम हे केंद्र ५ ऑक्टोबर १९२५ रोजी सुरू झालं. त्याची तीन अक्षरं म्हणजे ‘आम्ही लाखोंना संरक्षण देतो’ या घोषणेची आद्याक्षरं. केंद्राची मालक नॅशनल लाइफ अँड ॲक्सिडेंट इन्शुरन्स कंपनी. कष्टकऱ्यांना आठवड्याच्या छोट्या हप्त्यावर विमा विकणं हा तिचा धंदा. तिचे प्रतिनिधी दारोदार फिरायचे, आणि दार उघडायला लावणं हीच त्या कामातली मोठी मेहनत. २८ नोव्हेंबरला केंद्राचे निवेदक जॉर्ज हे यांनी अंकल जिमी थॉम्प्सन या म्हाताऱ्या फिडलवादकाला ध्वनिक्षेपकासमोर बसवलं आणि दर शनिवारी रात्रीचा एक कार्यक्रम उभा राहिला. दोन वर्षांनी त्याला ‘ग्रँड ओल ऑप्री’ हे, उच्चभ्रू ऑपेराची टिंगल करणारं नाव मिळालं. १९३२मध्ये केंद्राची शक्ती पन्नास हजार वॉटवर गेली आणि रात्रीच्या वेळी त्याचा आवाज निम्म्या अमेरिकेत ऐकू येऊ लागला. विमा प्रतिनिधी आता दारावर टकटक करून सांगायचा की मी ऑप्रीवाल्या कंपनीचा माणूस. दार उघडायचं. ज्याला आपण कंट्री संगीताचं माहेरघर म्हणतो ते अशा रीतीनं विमा विकण्याचं साधन म्हणून वाढलं. यात कमीपणा काढण्यासारखं काही नाही. त्या कंपनीच्या पैशाशिवाय ते वादक आपापल्या अंगणातच वाजवत राहिले असते. पण श्रोता एका गोष्टीसाठी येतो आणि त्याला दुसरीच गोष्ट विकली जाते, ही व्यवस्था इथे पक्की झाली. राजकारणाला पुढे तिचाच उपयोग झाला.

या मंचावर कोण दिसणार आणि कोण नाही, हेही विकणाऱ्यानंच ठरवलं. ऑप्रीच्या पहिल्या मोठ्या कलाकारांत डीफोर्ड बेली हा काळा हार्मोनिकावादक होता. कार्यक्रमाचं नवं नाव जाहीर झालं त्या रात्री त्याच्या आगगाडीच्या आवाजाच्या नकलेनंच कार्यक्रम सुरू झाला होता. दौऱ्यावर गोऱ्या सहकाऱ्यांबरोबर तो मंचावर बसायचा, पण त्यांच्या हॉटेलात त्याला खोली मिळत नसे. १९४१मध्ये त्याला काढून टाकण्यात आलं आणि उरलेलं बरंचसं आयुष्य त्यानं नॅशव्हिलमध्ये बूटपॉलिशचं दुकान चालवत काढलं. कंट्री संगीताच्या कीर्तिमंदिरात त्याला जागा मिळाली ती २००५मध्ये, तो गेल्यावर तेवीस वर्षांनी. बँजो आफ्रिकेतून आलेल्या गुलामांचं वाद्य, ब्लूजशिवाय या संगीतातली अर्धी गाणी झालीच नसती, आणि तरीही ‘गावाकडच्या गोऱ्या माणसाचं संगीत’ हे चित्र बाजारात उभं राहिलं. ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी १९२०च्या दशकातच काळ्यांसाठी वेगळी आणि गोऱ्यांसाठी वेगळी अशी यादी करून ठेवली होती. पुढे जेव्हा उमेदवारांनी या संगीताचा उपयोग ‘आपल्या माणसांना’ साद घालायला केला, तेव्हा आपली माणसं कोण याची व्याख्या त्यांना तयारच मिळाली.

टेक्ससमध्ये हा व्यवहार पूर्णपणे उघड्यावर आला. डब्ल्यू. ली ओ’डॅनियल हा फोर्ट वर्थमधल्या एका पिठाच्या गिरणीचा विक्री व्यवस्थापक. तिशीच्या दशकाच्या सुरुवातीला गिरणीच्या पिठाची जाहिरात करायला ‘लाइट क्रस्ट डोबॉइज’ हा बँड रेडिओवर वाजवू लागला; बॉब विल्ससारखा पुढे थोर झालेला कलाकार त्यात होता. गंमत म्हणजे ओ’डॅनियलला हे गावठी संगीत सुरुवातीला पसंत नव्हतं. पत्रांचा ढीग आणि पिठाचा खप पाहून त्याचं मत बदललं. मग तो स्वतःच निवेदक झाला, कविता म्हणू लागला, आईच्या मायेवर आणि बायबलवर बोलू लागला, आणि १९३५मध्ये गिरणी सोडून त्यानं स्वतःचं ‘हिलबिली फ्लावर’ बाजारात आणलं. १९३८मध्ये त्यानं श्रोत्यांनाच विचारलं, मी राज्यपालपदासाठी उभा राहू का? हजारो पत्रं आली. तेराजणांच्या प्राथमिक लढतीत, मुरलेल्या राजकारण्यांना मागे टाकत, दुसऱ्या फेरीची गरजही न पडता तो जिंकला. सभेत बँड वाजायचा, भाषण व्हायचं आणि मग पिठाच्या पिंपासारखी दिसणारी लाकडी पेटी गर्दीतून फिरवली जायची. त्या निवडणुकीत त्याला स्वतःला मत देता आलं नाही, कारण त्यानं मतदानासाठीचा कर भरला नव्हता. १९४१मध्ये सिनेटच्या पोटनिवडणुकीत त्यानं लिंडन जॉन्सन या तरुणाला १,३११ मतांनी हरवलं. राज्यपाल म्हणून ओ’डॅनियलची कारकीर्द सुमार होती. म्हाताऱ्यांना दिलेलं निवृत्तिवेतनाचं आश्वासन तर हवेतच राहिलं. टेलर बंधूंपासून इथवर काय बदललं? ओ’डॅनियलला वाजवता येत नव्हतं. संगीत दुसऱ्यांचं, माणूस विक्रीतला, आणि श्रोत्याला ते दोन्ही एकच वाटत होतं. कारण रेडिओवर वादक आणि विक्रेता एकाच पेटीतून बोलतात.

इथे एक आक्षेप साहजिक आहे. हे संगीत मुळातच पुराणमतवादी, म्हणून ते त्या प्रकारच्या राजकारण्यांच्या हाती लागलं, एवढीच ही गोष्ट नाही का? पुरावा तसं सांगत नाही. जॉर्जियात फिडलिन जॉन कार्सन, ज्याच्या १९२३मधल्या ध्वनिमुद्रिकेनं या धंद्याची सुरुवात झाली असं मानतात, तो टॉम वॉटसन आणि यूजीन टॅल्मेज अशा वर्णद्वेषी जहालांसाठी वाजवायचा, आणि शेवटी त्याला राज्याच्या विधानभवनात लिफ्ट चालवण्याची नोकरी मिळाली. लुइझियानात जिमी डेव्हिस हा गायक दोनदा, १९४४ आणि १९६०मध्ये, राज्यपाल झाला. दुसऱ्या वेळी तो वंशविभाजनाच्या बाजूनं लढला, आणि याच माणसानं तरुणपणी काळ्या गिटारवादकांच्या साथीनं ब्लूज गायले होते. पण अलाबामात १९४६मध्ये ‘बिग जिम’ फॉल्सम यानं ‘स्ट्रॉबेरी पिकर्स’ हा बँड आणि घाण धुऊन काढायला हातात झाडू-बादली घेऊन जो प्रचार केला, तो बड्या जमीनदारांच्या आणि कारखानदारांच्या विरोधात होता. काळ्यांच्या मताधिकाराबद्दल तो त्या काळातल्या दक्षिणी नेत्यांहून बराच उदार होता. आयडाहोचा सिनेटर ग्लेन टेलर हा बँजो वाजवणारा रंगमंचावरचा काउबॉय. १९४८मध्ये तो डाव्या प्रोग्रेसिव्ह पक्षाचा उपाध्यक्षपदाचा उमेदवार झाला, आणि बर्मिंगहॅममध्ये काळ्यांसाठी राखलेल्या दारातून सभेला जायला निघाला म्हणून पोलिसांनी त्याला पकडलं. टेनेसीचे सिनेटर अल्बर्ट गोर, थोरले, हेही सुरुवातीच्या प्रचारात फिडल वाजवायचे, आणि ते उदारमतवादी. संगीताला स्वतःचा पक्ष नव्हता. त्याच्याकडे गर्दी होती, आणि गर्दी ज्याला हवी त्याला मिळत होती.

नॅशव्हिल शहराला मात्र या गर्दीची लाज वाटायची. हे शहर स्वतःला ‘दक्षिणेचं अथेन्स’ म्हणवून घेई. महाविद्यालयं, चर्चची प्रकाशनगृहं, बँका. १८९७मध्ये राज्याच्या शताब्दीचं प्रदर्शन भरलं तेव्हा तिथे पार्थेनॉनची पूर्णाकृती प्रतिकृती उभारली गेली. ती तात्पुरती होती, पण लोकांना इतकी आवडली की १९२०च्या दशकात ती काँक्रीटमध्ये नव्यानं बांधायला घेतली आणि १९३१मध्ये पूर्ण केली. अशा शहरात १९४३मध्ये ऑप्री देशभरच्या रेडिओजाळ्यावर जाणार म्हणून समारंभ ठरला आणि राज्यपाल प्रेंटिस कूपर यांना बोलावणं गेलं. ते आले नाहीत. रॉय एकफ हा गायक राज्याला गावंढळांची राजधानी करून राज्याची अब्रू घालवतोय, असं त्यांचं म्हणणं होतं. यावर उत्तर म्हणून लोकांनी एकफचंच नाव राज्यपालपदासाठी पुढे केलं, आणि १९४८मध्ये तो खरोखरच रिपब्लिकन उमेदवार म्हणून उभा राहिला. राज्यभर सभांना प्रचंड लोक आले. मतं पडली सुमारे एक तृतीयांश. डेमोक्रॅट गॉर्डन ब्राउनिंग सहज जिंकले. १९७०मध्ये टेक्स रिटर या गाजलेल्या गायक-नटानं रिपब्लिकन पक्षाकडून सिनेटची उमेदवारी मागितली, त्यालाही प्राथमिक फेरीतच बिल ब्रॉकनं हरवलं. म्हणजे गाण्यानं मतं मिळतात हा समज फोल ठरतो, असं कुणी म्हणेल. एकफच्या काळी टेनेसी हा एकाच पक्षाचा बालेकिल्ला होता हे खरं, पण तेवढ्यानं उत्तर पुरं होत नाही. एकफच्या सभेत लोक एकफला ऐकायला आले, ऐकून घरी गेले. गायक स्वतः विकायला उभा राहिला की गाणं ऐकणाऱ्याला फुकट मिळतं आणि विक्री राहून जाते. या दोन पराभवांतून एक धडा निघतो असं म्हणायला जागा आहे: गायकाला उमेदवार करण्यापेक्षा उमेदवाराच्या शेजारी उभं करणं किफायतशीर.

ते सर्वांत सफाईनं केलं जॉर्ज वॉलेस यांनी. ते फॉल्समच्याच तालमीतले. सभेत बँड कसा वापरायचा हे त्यांनी तिथे पाहिलं, आणि उदारपणा मात्र तिथेच ठेवून दिला. १९६८मध्ये वंशविभाजनाचा हा पुरस्कर्ता तिसऱ्या पक्षातर्फे अध्यक्षपदासाठी उभा राहिला आणि दक्षिणेतली पाच राज्यं जिंकला. त्याच्या सभा कंट्री संगीतानं सुरू व्हायच्या, आणि ती गर्दी दक्षिणेपुरती नव्हती; डेट्रॉइटच्या नि शिकागोच्या कारखान्यांत कामाला गेलेले लाखो दक्षिणी लोक तेच संगीत ऐकत होते. रिचर्ड निक्सन यांनी हे नीट टिपलं. १९७०च्या एप्रिलमध्ये जॉनी कॅशला व्हाइट हाउसमध्ये गायला बोलावलं, तेव्हा हिप्पींना आणि सरकारी मदतीवर जगणाऱ्यांना टोमणे मारणाऱ्या गाण्यांची फर्माईश झाली. कॅशनं ती गाणी टाळून स्वतःची गायली. ती फर्माईश लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण तिथे संगीताकडून काय हवं होतं ते स्पष्ट दिसतं. १६ मार्च १९७४ रोजी ऑप्री शहराच्या मध्यवस्तीतलं रायमन सभागृह सोडून उपनगरातल्या करमणूक-उद्यानात बांधलेल्या नव्या इमारतीत गेली, तेव्हा उद्घाटनाच्या मंचावर स्वतः निक्सन होते. वॉटरगेटच्या चिखलात गळ्यापर्यंत बुडालेला अध्यक्ष त्या रात्री पियानो वाजवत होता, आणि जो एकफ राज्यपाल होऊ शकला नाही तो त्याला यो-यो खेळायला शिकवत होता. देशप्रेम, कुटुंब आणि धर्म या गोष्टी हे संगीत जपतं, असं निक्सन बोलले. देशात इतरत्र ते सभा टाळत होते. इथे टाळ्या मिळत होत्या. पाच महिन्यांत त्यांना राजीनामा द्यावा लागला. त्या उन्हाळ्यात ऑल्टमन नॅशव्हिलमध्ये चित्रीकरण करत होते.

आता चित्रपटाकडे पाहिलं तर त्यातल्या बारकाव्यांना वेगळं वजन येतं. श्रेयनामावलीच मुळी जाहिरात आहे: टीव्हीवर स्वस्त ध्वनिमुद्रिका विकणाऱ्या आरडाओरड्याच्या थाटात चोवीस कलाकारांची नावं पुकारली जातात. त्यानंतर लगेच वॉकरची भोंगा लावलेली गाडी रस्त्यावर येते. ही गाडी पुढे पूर्ण चित्रपटभर कानाशी बोलत राहते. काँग्रेसमधून वकिलांना हाकला, राष्ट्रगीत बदला, चर्चवर कर लावा. ही भाषणं ऑल्टमननं थॉमस हॅल फिलिप्स या मिसिसिपीच्या कादंबरीकाराकडून लिहून घेतली आणि त्याच्याच आवाजात वाजवली. फिलिप्स राजकारणात नवखा नव्हता, त्याचा भाऊ मिसिसिपीत राज्यपालपदासाठी दोनदा लढला होता. म्हणून ती भाषणं टिंगल वाटत नाहीत. ऐकणाऱ्याला मधेच पटतात, आणि तेच अस्वस्थ करतं. पण चित्रपटात राजकारणाचं खरं काम भोंगा करत नाही, ते जॉन ट्रिप्लेट करतो. मायकेल मर्फीनं रंगवलेला हा गुळगुळीत माणूस शहरात उतरतो आणि एकेका गायकाला भेटतो. हेवन हॅमिल्टन या तालेवार, आत्मप्रेमी गायकाला तो सुचवतो की वॉकर यांना तुम्ही या राज्याचे राज्यपाल व्हावंत असं वाटतं. १९४८ची आठवण असणाऱ्या नॅशव्हिलच्या माणसाला या वाक्यात कुणाची सावली दिसली असेल हे सांगायला नको. दुसऱ्याला तो प्रसिद्धीचं आमिष दाखवतो, तिसऱ्याचा अहंकार कुरवाळतो. एकाशीही तो वॉकरच्या विचारांवर बोलत नाही, आणि त्या गायकांपैकी कुणी विचारतही नाही. बार्बरा जीन या लाडक्या, मनानं कोसळत चाललेल्या गायिकेच्या नवऱ्याची एकच अट असते: माझी बायको गाईल तेव्हा मागे राजकीय फलक नको. सभेसाठी पार्थेनॉनवर पोहोचल्यावर फलक तिथेच असतो. तो चिडतो, आणि मग गप्प बसतो, कारण लोक जमले आहेत आणि आता परत जाणं धंद्याला परवडणारं नाही. टेलर बंधूंच्या काळापासूनचा सगळा प्रवास या एका फलकापाशी येऊन थांबतो असं मला वाटतं. उमेदवाराला वाजवता येत नाही, गायिकेला उमेदवार माहीत नाही, आणि दोघांना जोडणारी गोष्ट म्हणजे मधल्या माणसानं केलेला सौदा.

त्या सौद्याची किंमत खालच्या थराला किती पडते, तेही चित्रपट विसरत नाही. सूलीन गे या हॉटेलातल्या वाढपिणीला गाता येत नाही, पण गायचं आहे. निधी जमवण्यासाठी पुरुषांनी भरवलेल्या मेजवानीत तिला गायला म्हणून नेतात आणि कपडे उतरवायला लावतात. पार्थेनॉनवर बार्बरा जीनसोबत गायला मिळेल हे आश्वासन. टॉमी ब्राउन हा काळा कंट्री गायक यशस्वी आहे, आणि एक काळा माणूस दारूच्या भरात त्याला गोऱ्यांचा चाकर म्हणून हिणवतो. चार्ली प्राइडच्या यशाचा संदर्भ त्या काळच्या प्रेक्षकाला लगेच कळला असणार. डीफोर्ड बेलीची हकिकत ठाऊक असलेल्याला त्याच्यामागची पन्नास वर्षंही दिसतात.

नॅशव्हिलच्या संगीतक्षेत्राला हा चित्रपट आवडला नाही, आणि त्यांच्या आक्षेपाला बाजूला सारणं बरोबर नाही. गाणी बहुतांशी नटांनी स्वतः लिहिली होती, संगीतकार रिचर्ड बास्किन त्या शहरातले नव्हते, आणि ज्या एका गाण्याला, कीथ कॅरेडीनच्या ‘आय’म ईझी’ला, ऑस्कर मिळालं ते गाणंही कंट्रीपेक्षा किनाऱ्यावरच्या कॅफेत शोभेल असं. तुम्ही आमचं शहर घेतलंत आणि आमचं गाणं घेतलं नाहीत, ही त्यांची तक्रार. काही प्रसंगांत हॉलिवूडचा तुच्छतेचा सूर आहेच. हेवन हॅमिल्टनचा टोप आणि चकाकता पोशाख यांवर कॅमेरा जरा जास्तच रेंगाळतो. पण याच तक्रारीतून माझा मुद्दा पुढे जातो. ट्रिप्लेटला गाणं चांगलं आहे की वाईट याच्याशी काही देणंघेणं नाही. गर्दी जमली पाहिजे. गाणी अस्सल नसली तरी व्यवस्था तंतोतंत तीच राहते, आणि हे चित्रपटानं, कदाचित न ठरवता, सिद्ध केलं. बाहेरून आलेल्यांचा उथळपणाही तो सोडत नाही. ओपल ही स्वतःला बीबीसीची वार्ताहर म्हणवणारी बाई प्रत्येक गोष्टीवर भाष्य करते आणि एकही गोष्ट पाहत नाही. ऑल्टमननं आठ वेगळ्या ध्वनिपट्ट्यांवर एकाच वेळी ध्वनिमुद्रण केलं, म्हणून भोंगा, गाणं, गप्पा आणि सौदा हे सगळं एकमेकांवर चढतं. शहरात राहणाऱ्या माणसाला राजकारण जसं ऐकू येतं तसंच ते इथे ऐकू येतं, मधेच आणि अर्धवट.

राहता राहिली गोळी. भविष्यवाणीचा सगळा दावा तिच्यावर उभा आहे. १५ मे १९७२ रोजी मेरीलँडमधल्या लॉरेल गावी एका व्यापारसंकुलाच्या पटांगणात वॉलेस यांची सभा होती; आधी बिली ग्रॅमर आणि त्याच्या बँडनं गर्दी धरून ठेवली, मग भाषण झालं, आणि हस्तांदोलन करताना आर्थर ब्रेमर या तरुणानं वॉलेस यांच्यावर गोळ्या झाडल्या. ते वाचले, पण कमरेखालचं शरीर कायमचं गेलं. पुढच्या वर्षी ब्रेमरची रोजनिशी छापली गेली. त्यात वॉलेस यांच्या विचारांबद्दलचा राग जवळपास नाहीच. तो आधी निक्सनच्या मागावर होता, तिथे जमलं नाही म्हणून वॉलेस. त्याला नाव हवं होतं. चित्रपटातला केनी हा मारेकरीही काही बोलत नाही, कुठल्या मतासाठी मारत नाही. ज्या मंचावर गायक आणि उमेदवार यांच्यातला फरक इतका पुसला गेला आहे, तिथे मारणाऱ्यानं तरी तो का पाळावा? लॉरेलमध्ये गायक आणि उमेदवार एकाच फळ्यांवर काही मिनिटांच्या अंतरानं उभे होते. ऑल्टमननं त्यातलं अंतर काढून टाकलं. १९८०मधल्या घटनेचा त्यात सुगावा शोधण्यापेक्षा १९७२ची बातमी त्यात वाचणं मला अधिक सरळ वाटतं.

गोळी लागल्यावर, जखमी हॅमिल्टन लोकांना शांत करू पाहत असताना, अल्बुकर्की ही कुणालाच माहीत नसलेली मुलगी ध्वनिक्षेपक हातात घेते आणि गाऊ लागते. मागे काळ्या गायकवृंदाचे सूर मिसळतात आणि गर्दी हळूहळू गाऊ लागते. यात काहींना लोकांचा बधिरपणा दिसला, काहींना चिवटपणा. दोन्ही वाचनं शक्य आहेत, आणि ऑल्टमननं कौल दिलेला नाही. पण त्या मंचावर आता ना वॉकर आहे ना बार्बरा जीन, तरी सभा चालू आहे, हे कोणत्याही वाचनात टळत नाही. उमेदवार मंचावर पोहोचायच्या आतच गाडीत बसून निघून गेलेला असतो, आणि गायकवृंद ज्याच्या प्रचारासाठी आणला होता त्याच्याविना गात राहतो.

चित्रपटाबाहेरही हीच व्यवस्था आकार घेत होती. वॉटरगेटनंतर काँग्रेसनं १९७४मध्ये निवडणूकखर्चाचा कायदा कडक केला होता. एका व्यक्तीला एका उमेदवाराला प्रत्येक निवडणुकीत एक हजार डॉलरहून जास्त देता येणार नाही; मात्र प्राथमिक फेऱ्यांत अडीचशे डॉलरपर्यंतच्या प्रत्येक देणगीवर सरकार तेवढीच भर घालेल. धनदांडग्यांचा हात आखडावा हा हेतू. पण कुणी स्वेच्छेनं फुकट काम केलं तर त्या कामाची गणना देणगीत होत नव्हती, आणि गाणं हेही काम होतं. जॉर्जियाचे माजी राज्यपाल जिमी कार्टर यांना त्या वेळी राष्ट्रीय पातळीवर फारसं कुणी ओळखत नव्हतं, पैसाही नव्हता. मेकन शहरातल्या कॅप्रिकॉर्न रेकॉर्ड्सचे फिल वॉल्डन यांनी आपले बँड पुढे केले. ते नॅशव्हिलचं कंट्री नव्हे, दक्षिणेतलंच रॉक. ‘नॅशव्हिल’ प्रदर्शित झाल्यावर पाच महिन्यांनी, नोव्हेंबर १९७५मध्ये, ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स इथे ऑलमन ब्रदर्सनी कार्टरसाठी कार्यक्रम केला. बँड ऐकायला आलेल्या पोरांनी तिकिटं काढली. प्रत्येक तिकिटाचे पैसे कायद्यानं राजकीय देणगी ठरले, आणि वॉशिंग्टनच्या तिजोरीतून तेवढीच रक्कम कार्टर यांच्या खात्यावर जमा होऊ शकत होती.